मुलीसाठी क्लब व्हॉलीबॉल: ऑफरला हो म्हणण्याआधी काय तपासायचं

अमेरिकेत क्लबची ट्रायआउट (निवड चाचणी) झाल्यावर ऑफर येते तेव्हा उत्तर द्यायला एक-दोन दिवस मिळतात, कधी त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचं असतं. मुलगी आनंदात असते, मैत्रिणींचे मेसेज येत असतात आणि करारात फीचा आकडा समोर असतो. अशा घाईत विचार नीट होत नाही. म्हणून खाली दिलेली तपासणी ट्रायआउटच्या महिनाभर आधी करून ठेवा.

बहुतेक पालक विचारतात, "क्लब चांगला आहे का?" त्या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. अमेरिकेतल्या मोठ्या क्लबात एकाच वयोगटाचे तीन-चार संघ असतात. पहिल्या संघाला मिळणारा प्रशिक्षक, सराव आणि स्पर्धा तिसऱ्या संघाला मिळतातच असं नाही. त्यामुळे प्रश्न असा हवा: माझी मुलगी कोणत्या संघात, कोणत्या जागेवर, कोणाच्या हाताखाली खेळेल, आणि वर्षभरात तिचा चेंडूला हात किती वेळा लागेल? क्लबच्या भिंतीवरचे बॅनर या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

आधी रचना समजून घ्या

मुलींचं शालेय व्हॉलीबॉल बहुतेक राज्यांत ऑगस्ट ते नोव्हेंबर चालतं. क्लबचा हंगाम त्यानंतर, साधारण डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत. ट्रायआउट कुठे शाळेचा हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात होतात, तर टेक्सससारख्या भागात थेट उन्हाळ्यात. यूएसए व्हॉलीबॉल ही राष्ट्रीय संघटना देशाचे रीजन पाडून काम करते. ऑफर कधी देता येते, मुलगी कधीपर्यंत बांधील नसते, हे नियम रीजन ठरवतं, क्लब नाही. क्लब "आत्ताच सही करा" म्हणत असेल तर आधी रीजनच्या संकेतस्थळावर त्या वयोगटाची तारीख पाहा. याशिवाय एएयू (अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन) आणि जेव्हीए (ज्युनियर व्हॉलीबॉल असोसिएशन) या संघटनांच्या स्पर्धा असतात. बरेच क्लब दोन-तीन ठिकाणी खेळतात.

वयोगट १२, १३, १४ असे १८ पर्यंत जातात आणि इयत्तेवर नाही तर जन्मतारखेवर ठरतात. अलीकडे १ जुलै ही तारीख धरली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलगी त्यामुळे वर्गमैत्रिणींपेक्षा खालच्या गटात खेळू शकते, आणि अशा मुलीला एक वर्ष जास्त मिळतं. वरच्या गटात खेळण्याचा आग्रह धरण्याआधी हे लक्षात घ्या. १२ पर्यंतच्या गटात जाळी ७ फुटांवर (२.१३ मीटर) असते, पुढे पूर्ण ७ फूट ४⅛ इंच (२.२४ मीटर). लहानखुऱ्या मुलीला हे चार इंच फार जाणवतात.

स्पर्धेची पातळी कशी वाचायची

"आमचा संघ नॅशनल आहे" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा: नॅशनल म्हणजे काय? त्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात. एक, संघ विमानाने लांबच्या स्पर्धांना जातो. दोन, संघ क्वालिफायर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता स्पर्धा खेळतो. तीन, संघ क्वालिफायरमधून बिड (प्रवेशाचा हक्क) मिळवून जून-जुलैतल्या यूएसए व्हॉलीबॉलच्या मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचतो. पहिल्या दोन गोष्टींना मुख्यतः पैसे लागतात. तिसरीला खेळ लागतो. ऑरलँडोला होणारी एएयूची राष्ट्रीय स्पर्धा प्रचंड मोठी असते आणि मुलींना तिथे खूप मजाही येते, पण तिच्या बहुतेक गटांत नाव नोंदवून प्रवेश मिळतो. "नॅशनल्सला गेलो" आणि "क्वालिफाय झालो" यात फरक आहे, तो लक्षात ठेवा.

राष्ट्रीय स्पर्धेतही स्तर आहेत. ओपन सर्वांत वर, त्याखाली नॅशनल, यूएसए, लिबर्टी, अमेरिकन वगैरे. ओपनची बिड मिळवणारे संघ देशातले मोजके असतात. खालच्या विभागातली बिड कमी मोलाची आहे असं नाही, पण क्लबची पाटी वाचताना कुठली बिड ते पाहा.

निकाल लपलेले नसतात. बहुतेक मोठ्या स्पर्धांचे निकाल एईएस (अ‍ॅडव्हान्स्ड इव्हेंट सिस्टिम्स) या संकेतस्थळावर सेटच्या गुणांसह मिळतात. ते असे वाचा:

१. तुमची मुलगी यंदा १५च्या गटात जाणार असेल तर क्लबचा गेल्या वर्षीचा १४चा संघ पाहा. त्याच मुली वर सरकणार असतात. गेल्या वर्षीचा १५चा संघ आता १६चा झाला.

२. ज्या क्रमांकाच्या संघाची ऑफर आहे त्याच क्रमांकाचा निकाल पाहा. १४-१ चं (१४च्या गटातल्या पहिल्या संघाचं) यश १४-३ च्या खात्यात धरू नका.

३. जिंकले-हरले यापेक्षा सेटचे गुण पाहा. २५-२२, २३-२५, १५-१२ असे आकडे दिसले तर संघ योग्य पातळीवर खेळतोय. प्रत्येक सेट ९-२५ ने जात असेल तर मुलींना रॅलीच खेळायला मिळत नाही, समोरून सर्व्हिस येते आणि पॉइंट संपतो. उलट प्रत्येक सेट २५-९ ने जिंकणारा संघही शिकत नाही. साधारण निम्मे ते साठ टक्के सामने जिंकणारा संघ वाढत्या मुलीसाठी सगळ्यात चांगला.

४. दोन वर्षांच्या खेळाडूंच्या याद्या शेजारी ठेवा. बारापैकी आठ-नऊ मुली दरवर्षी क्लब सोडत असतील तर सोडून गेलेल्या दोन कुटुंबांशी बोला. क्लबने सुचवलेल्या कुटुंबांशीही बोला, पण त्यांचं मत आधीच ठरलेलं असतं.

कोर्टवर किती वेळ मिळेल

बहुतेक करारांत एक वाक्य असतं: सरावाचा वेळ समान, सामन्यातला वेळ नाही. यात गैर काही नाही, पण त्याचा हिशोब पालक क्वचितच करतात.

कोर्टवर सहा जणी असतात. ५-१ पद्धतीत एक सेटर, दोन आउटसाइड हिटर, दोन मिडल, एक राइट साइड आणि लिबेरो (फक्त मागच्या फळीत खेळणारी बचावपटू) मिळून सात जणींचा खेळ पक्का असतो. (महाराष्ट्रात ज्यांना आपण लिफ्टर आणि स्मॅशर म्हणतो, त्या इथल्या सेटर आणि हिटर.) संघात बारा मुली घेतल्या तर पाच जणी बदल्यांवर अवलंबून. यूएसए व्हॉलीबॉलच्या मुलींच्या गटांत एका सेटमध्ये १२ बदल्या करता येतात. लिबेरोचं आत-बाहेर त्यात मोजत नाहीत. ६-२ पद्धतीत दोन सेटर आणि जास्त हिटर खेळतात, म्हणजे नऊ जणींना नियमित जागा मिळते. पण तिथे दर तीन रोटेशनला (सर्व्हिस मिळाल्यावर होणाऱ्या जागाबदलाला) सेटर आणि हिटरची जोडी बदलते आणि दोन बदल्या खर्च होतात. सेटमध्ये हे चार वेळा झालं की आठ बदल्या गेल्या. उरलेल्या चारांत मागच्या फळीच्या खास खेळाडूंना, म्हणजे डीएसना, किती वाटा येईल ते तुम्हीच पाहा.

म्हणून ऑफर आल्यावर प्रशिक्षकाला चार गोष्टी थेट विचारा. संघात किती मुली घेणार? (दहा असतील तर बरं, बारा चालतील, त्यापुढे फार विचार करा.) माझ्या मुलीच्या जागेवर आणखी किती जणी आहेत? कोणती पद्धत खेळणार? आज हंगाम सुरू झाला तर ती सुरुवातीच्या सहांत असेल, बदली म्हणून येईल की सरावापुरती? चांगला प्रशिक्षक शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देतो, ते कडू असलं तरी. "सगळ्यांना संधी मिळेल" एवढंच उत्तर मिळालं तर ती बदलीसुद्धा नाही असं धरून चाला.

पहिल्या संघातली बारावी की दुसऱ्या संघातली चौथी? १४ वर्षांपर्यंत तरी आमचं उत्तर स्पष्ट आहे: दुसऱ्या संघातली चौथी. या वयात सर्व्हिस, पास आणि सामन्यातली भीती घालवणं हे सगळं खेळूनच येतं. १६-१७व्या वर्षी मुलीला स्वतःला वरच्या पातळीचा सराव हवा असेल आणि बेंचवर बसण्याची तयारी असेल, तर उलट निर्णयही योग्य ठरू शकतो. पण तो तिने घ्यावा, घरातल्या मोठ्यांनी नाही.

पैशाचा खरा आकडा

क्लबची फी हा खर्चाचा एक भाग. पूर्ण आकडा काढण्यासाठी एक कागद घ्या. प्रवास करणाऱ्या संघाचं नमुन्यादाखल गणित असं मांडता येईल (आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही भरा):

क्लबची फी ३,८०० डॉलर. गणवेश, बॅग, बूट, नी-पॅड ३५०. संघटनेचं सदस्यत्व ७५. हॉटेलच्या १२ रात्री, दर २०० प्रमाणे २,४००. दोन विमानप्रवास, आई किंवा बाबा आणि मुलगी, प्रत्येकी ३०० प्रमाणे १,२००. प्रेक्षक प्रवेश आणि पार्किंग, आठ स्पर्धांचे ४००. बाहेरचं खाणं, १५ दिवसांचे ९००. एकूण ९,१२५ डॉलर. म्हणजे फीच्या जवळपास अडीचपट.

यात दुसऱ्या भावंडाची सोय, घेतलेल्या सुट्ट्या आणि खासगी शिकवणी धरलेली नाही. अनेक स्पर्धांना "स्टे टू प्ले" असतं, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलांतच राहावं लागतं. नातेवाइकांकडे उतरलात किंवा स्पर्धा घराजवळ असली तर सूट मिळते का, हे स्पर्धेच्या नियमांत पाहावं लागतं. प्रशिक्षकांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च फीमध्ये आहे की नंतर पालकांत वाटला जाणार, हेही विचारा. जूनमधल्या शेवटच्या स्पर्धेची फी वेगळी घेणारे क्लब बरेच आहेत आणि मे महिन्यात तो धक्का बसतो.

आता हाच खर्च खेळाच्या मापाने मोजा. आठ स्पर्धा, सरासरी अडीच दिवस, दिवसाला सातेक सेट म्हणजे हंगामात सुमारे १४० सेट. वरच्या उदाहरणात प्रवास, हॉटेल, प्रवेश आणि खाणं मिळून ४,९०० डॉलर होतात. मुलगी निम्मे, म्हणजे ७० सेट खेळली तर सेटमागे ७० डॉलर. पाव हिस्सा, म्हणजे ३५ सेट खेळली तर १४०. स्थानिक संघात हाच प्रवासखर्च बहुतेक नाहीसा होतो आणि तिचं खेळणं मात्र वाढतं. मुलगी सुरुवात करणारी असेल तर हा फरक फार मोठा आहे.

करारात या ओळी शोधा: अनामत परत मिळते का, दुखापत झाल्यास उरलेले हप्ते माफ होतात का (बऱ्याच ठिकाणी होत नाहीत), घर दुसऱ्या राज्यात हललं तर काय, प्रशिक्षक बदलला तर सोडता येतं का, आणि हंगामाच्या मध्यात क्लब बदलायची मुभा आहे का. सही झाल्यावर त्याच हंगामात दुसऱ्या क्लबकडून खेळणं सहसा अवघड असतं. बऱ्याच क्लबांत आर्थिक मदतीची सोय असते, पण ती मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. ऑफर स्वीकारण्याआधी ईमेलने विचारा, संकोच करू नका.

सराव बघायला जा

ट्रायआउटच्या दिवशी क्लब सजलेला असतो. हंगामाच्या मध्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी जा. हातात घड्याळ घ्या आणि एकाच मुलीकडे दहा मिनिटं बघा. तिचा चेंडूला किती वेळा हात लागला ते मोजा. रांगेत उभं राहून दहा मिनिटांत पाच-सहा स्पर्श होत असतील तर दोन तासांचा सराव प्रत्यक्षात फार छोटा आहे. तीस-चाळीस होत असतील तर प्रशिक्षकाने सराव नीट आखलाय.

मग पाहा: एका कोर्टवर किती मुली? बारा मुली आणि दोन प्रशिक्षक ठीक. चोवीस मुली एका कोर्टवर असतील तर निम्मा वेळ थांबण्यातच जातो. प्रशिक्षक चूक झाल्यावर काय बोलतो? "पाय आधी हलव, मग हात" असं नेमकं सांगतो की नुसता ओरडतो? सर्व्हिस आणि पासिंगला किती वेळ देतो? १२-१३ वर्षांच्या गटात सामने स्मॅशवर नाही, सर्व्हिस आणि ती उचलण्यावर ठरतात. जो प्रशिक्षक या वयात पूर्ण वेळ हिटिंगच्या रांगा लावतो तो पालकांना खूश करतोय, मुलींना घडवत नाही.

आणखी एक: तिथे दिसणारे मुख्य संचालकच तुमच्या मुलीला शिकवणार का? तिसऱ्या संघाला अनेकदा कॉलेजमध्ये शिकणारी तरुण प्रशिक्षक मिळते. ती उत्तम असू शकते, पण तिच्या परीक्षांच्या आठवड्यात सराव कोण घेणार हे विचारा.

उंच मुलीला बाराव्या वर्षीच मिडलला उभं करतात आणि ती मागच्या फळीत कधी खेळतच नाही. पुढे उंची थांबली की हातात ना पासिंग ना बचाव. १४ पर्यंत सगळ्या जागा खेळवणारा क्लब मिळाला तर तो सोडू नका. आपल्या मुली सरासरीने इथल्या हिटरांपेक्षा बुटक्या असतात हेही मोकळेपणाने मान्य करावं. लिबेरो, डीएस आणि सेटर या जागांवर चपळाई, अंदाज आणि डोकं चालतं, आणि त्यासाठी पासिंगचा पाया लवकर घालावा लागतो.

सुरक्षिततेबाबत तडजोड करू नका. यूएसए व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षकांना पार्श्वभूमी तपासणी आणि सेफस्पोर्ट (खेळाडूंचा छळ रोखण्याचं) प्रशिक्षण सक्तीचं आहे. यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टची कारवाई झालेल्यांची यादी सार्वजनिक आहे. प्रशिक्षकाचं नाव तिथे शोधायला दोन मिनिटं लागतात. प्रशिक्षक मुलीला एकटीला मेसेज करत असेल, पालकांना त्यात घेत नसेल, तर ते नियमाविरुद्ध आहे. तिथल्या तिथे विचारा.

शरीर किती सोसेल

घोटा मुरगळणं सर्वांत जास्त, त्यापाठोपाठ गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं, खांदा आणि बोटं. गुडघा आणि खांदा बहुतेक अतिवापराने दुखतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती, महिना-महिना वाटून घेतली तरी चालेल. दुसरा सोपा नियम, आठवड्याचे तास मुलीच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. शाळेचा संघ, क्लब, खासगी शिकवणी आणि बीच व्हॉलीबॉल या सगळ्यांची बेरीज करा, कारण ती बेरीज दुसरं कोणी करत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही राहत असेल, किंवा उडी मारून उतरताना ती एका पायावर भार टाळत असेल, तर पट्टी बांधून शनिवारची स्पर्धा खेळवू नका.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा हिशोब

शाळेत व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली देशात साडेचार लाखांहून अधिक आहेत. त्यातल्या शंभरात सुमारे चार जणी एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) कुठल्या तरी डिव्हिजनमध्ये खेळतात, आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये जेमतेम एक. पूर्वी पहिल्या डिव्हिजनच्या संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. २०२५ पासून नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांना १८ खेळाडूंची मर्यादा आहे आणि रक्कम वाटून देता येते, म्हणजे "शिष्यवृत्ती मिळाली" याचा अर्थ पूर्ण फी माफ असा धरता येत नाही. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. तिथे अभ्यास आणि कौटुंबिक उत्पन्न पाहून मदत मिळते.

म्हणून सहा वर्षांचा क्लबचा खर्च शिष्यवृत्तीतून "वसूल" होईल असं धरून पैसे घालू नका. मुलगी खरोखर त्या मार्गावर असेल तर ते दहावीच्या आसपास दिसू लागतं. पहिल्या डिव्हिजनचे प्रशिक्षक दहावी संपल्यावर १५ जूनपासून तिच्याशी थेट बोलू शकतात. त्याआधी येणारी शिबिरांची रंगीत आमंत्रणं ही जाहिरात असते. त्या टप्प्यावर मात्र क्वालिफायरचं मोल आहे, कारण कॉलेजचे प्रशिक्षक तिथे येतात.

क्लबशिवाय काय

१०-११ वर्षांच्या मुलीला लगेच क्लब लागत नाही. वायएमसीए, गावाच्या पार्क विभागाची लीग, विद्यापीठांची उन्हाळी शिबिरं आणि क्लबांचीच आठ-दहा आठवड्यांची कमी खर्चाची वर्गमालिका, यांतून तिला खेळ आवडतो का ते कळतं. शाळेच्या संघात जागा मिळवणं एवढंच ध्येय असेल तर स्थानिक क्लब संघ आणि उन्हाळ्यात एक शिबिर बहुतेक ठिकाणी पुरतं. स्पर्धा तीव्र असलेल्या मोठ्या हायस्कुलांत मात्र संघातल्या जवळपास सगळ्या मुली क्लब खेळलेल्या असतात. तुमच्या शाळेच्या संघातल्या मुलींना विचारून घ्या.

हंगाम सुरू झाल्यावर

स्पर्धेच्या दिवशी चार संघांच्या गटात साधारण तीन सामने आणि एखादी पंचगिरीची पाळी असते. गुणलेखन आणि लाइन जजचं काम मुलींनाच करावं लागतं, त्यामुळे हरल्यावर लगेच निघता येत नाही. विमानाचं तिकीट शेवटच्या दिवशी दुपारचं काढू नका.

खेळायला कमी मिळालं तर त्या संध्याकाळी प्रशिक्षकाला गाठू नका. बहुतेक क्लबांत चोवीस तास थांबायचा नियम असतो आणि तो शहाणपणाचा आहे. आधी मुलीने स्वतः जावं आणि "मी का खेळले नाही" असं न विचारता "पुढच्या महिन्यात मी कशावर काम करू" असं विचारावं. उत्तर नेमकं मिळालं तर प्रशिक्षक तिच्याकडे बघतोय. दोनदा विचारूनही उत्तर गुळमुळीत असेल तर मग तुम्ही भेट मागा.

एक छोटी वही ठेवा. प्रत्येक स्पर्धेनंतर तीन गोष्टी लिहा: किती सेट झाले, ती किती खेळली, आणि घरी येताना तिला काय सांगावंसं वाटलं. तिसरी नोंद तिच्याच शब्दांत. पुढच्या ट्रायआउटच्या आधी ती वही मुलीसोबत बसून वाचा, आणि "पुन्हा याच संघात?" हा प्रश्न तिलाच विचारा.